सात वर्षं न बिघडलेला हीटर

प्रतापराव दिघ्यांनी त्या शुक्रवारी सकाळी भिंतीवरचं एक बटण दाबलं. एवढंच. "मी फक्त बटण दाबलं," हे वाक्य त्यांनी त्या दिवशी मराठी, हिंदी, इंग्रजी आणि मोडक्यातोडक्या अरबीत सांगून पाहिलं, आणि एकाही भाषेत ते कुणाला पटलं नाही.

बटण हीटरचं होतं. कुवेतमध्ये घरात हीटर लागतो असं सांगितलं की आपल्याकडची माणसं हसतात. नाशिकच्या मेव्हण्यांनी तर एकदा फोनवर विचारलं होतं, "काय हो, मग उंटांना स्वेटर कोण विणतं?" पण जानेवारीत उत्तरेचं वारं सुटलं की आमच्या मंगफ भागातली घरं अशी काही गारठतात की विचारू नका. ही घरं बांधतानाच उन्हाळ्याच्या भीतीने बांधलेली. गुळगुळीत फरशी, उंच छत, सूर्याला सक्त मनाई. त्या फरशीवर अनवाणी पाय पडला तर तो आपलाच आहे का, हे खाली वाकून पाहावं लागतं.

प्रतापरावांच्या फ्लॅटमध्ये, पॅसेजच्या खोट्या छतावर, पत्र्याची एक मोठी पेटी होती. वर्षातले दहा महिने तिच्यातून गार हवा यायची. कडाक्याच्या वीसेक दिवसांत त्याच पेटीतल्या तारा तापवायच्या आणि गरम हवा घ्यायची. इतका साधा मामला. निदान प्रतापरावांच्या मते साधा.

आता प्रतापरावांच्या मताला वजन होतं, हे मान्य करायला हवं. ते एका रिफायनरीत मेंटेनन्सचं नियोजन करत. चार-चार मजले उंच भट्ट्या त्यांच्या वहीत नावानिशी नोंदलेल्या होत्या. कुठली कधी थांबवायची, कुठलीच्या नळ्या कधी तपासायच्या, कुठलीचा बर्नर कधी उतरवायचा, सगळं तारखेनिशी. एखाद्याने तपासणी आठवडाभर पुढे ढकलली तर त्याला प्रतापरावांचा 'जेंटल रिमाइंडर' जायचा. त्या मेलमध्ये जेंटल काहीही नसायचं. "यंत्राला बोलता येत नाही, म्हणून तारखेला बोलू द्यावं," हे त्यांचं आवडतं वाक्य. नवीन आलेल्या पोरांकडून ते पाठ करून घेत.

घरी मात्र त्यांचं तत्त्वज्ञान चपलांबरोबर दाराबाहेर राहायचं. दर हिवाळ्याच्या तोंडाशी इमारतीचा राखणदार, म्हणजे तिथल्या भाषेत हारिस, मुस्तफा दारात यायचा. इजिप्तचा माणूस, पण वीस वर्षं भारतीय भाडेकरूंची गाऱ्हाणी ऐकून ऐकून त्याचं हिंदी चांगलं मुरलं होतं.

"सर, हीटर सर्विस?"

"मुस्तफा, सात साल में इस हीटर को कुछ हुआ?"

"नहीं सर."

"तो?"

या 'तो'वर मुस्तफा मान डोलवायचा. तो हसायचा आणि जायचा. प्रतापरावांना वाटायचं, पटलं त्याला.

ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत ते आपल्या हीटरचा दाखला देत. "सात वर्षं! स्क्रू फिरवला नाही! काही काही यंत्रं जात्याच गुणी असतात." घरी पाहुण्यांसमोरही हा विषय निघायचा. त्या वेळी चारुशीला, म्हणजे त्यांची पत्नी, पाहुण्यांना कोशिंबीर वाढत असायची. ती काही बोलायची नाही. (बायको काही बोलत नाही याचा अर्थ तिला पटलंय, असा समज असलेल्या नवऱ्यांची संख्या जगात मोठी आहे. प्रतापराव त्यांच्यात एकटे नव्हते, एवढंच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.)

यंदा चारुशीला ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबर सरेपर्यंत नाशिकला होती. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. तेवढे दिवस प्रतापराव आणि अकरा वर्षांची जुईली यांनी खुब्ज रोटी, अंडी आणि एकमेकांची तक्रार आईकडे न करण्याचा करार, यांवर काढले. ती परत आली ती कामांची लांबलचक यादी घेऊनच. आणि यादी निम्मीही संपली नव्हती तोच थंडीची लाट आली.

त्या शुक्रवारी पारा पाचवर उतरला. सुट्टीचा दिवस. चारुशीला केस धुवायला बाथरूममध्ये जाता जाता म्हणाली, "प्रताप, हीटर लावू नकोस हं आज. आधी बघून घ्यायला हवंय."

"काय बघायचंय त्यात?" प्रतापरावांनी विचारलं. पण तोवर दार बंद होऊन नळ सुरू झाला होता.

सोफ्यावर जुईली रजईत गुंडाळून बसली होती. बाहेर फक्त नाक आणि एक टॅब्लेट. तिला चार दिवसांचा खोकला होता.

"बाबा, आय कान्ट फील माय फिंगर्स."

बापाचं काळीज. त्यात सात वर्षांचा पुरावा. प्रतापराव उठले आणि बटण दाबलं.

पेटीत 'घुर्र' झालं, मग 'खुट्' झालं, मग बारीक 'सूंऽऽ'. थोड्या वेळाने जाळीतून उबदार हवा उतरू लागली. जुईलीने रजईतून एक हात बाहेर काढला. प्रतापरावांनी स्वतःसाठी आल्याचा चहा टाकला आणि कप घेऊन थेट जाळीखाली उभे राहिले. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते चारुशीलाने पाहायला हवं होतं असं त्यांना फार वाटलं.

मग वास आला.

करपल्याचा. प्रतापरावांनी नाक वर केलं. आपल्या गॅसवर काही नव्हतं. चहाचं भांडं सिंकमध्ये. म्हणजे वास बाहेरचा. आणि बाहेरचा म्हणजे समोरच्या फ्लॅटमधला, कारण समोर फखरुन्निसाभाभी राहत आणि शुक्रवारी त्यांच्याकडे सकाळपासून पातेली चढलेली असत. दापोलीकडच्या. यजमानांचं खैतानला कपड्यांचं दुकान. दुपारच्या नमाजनंतर त्यांच्याकडे दहाबारा माणसं जेवायला, हे ठरलेलं.

"बिचाऱ्यांचं काहीतरी लागलंय," प्रतापराव म्हणाले. शेजारधर्म म्हणून सांगायला गेले.

भाभींनी दार उघडलं. हातात उलथनं.

"भाभी, रागावू नका हं. पण तुमचं काहीतरी करपतंय."

भाभींनी उलथनं खाली केलं. नंतर वर केलं.

"माजं?"

"म्हणजे वास येतोय, म्हणून म्हटलं…"

"माजं करपतंय? भाई, तीस वर्षं झाली मना चुलीसमोर उभी राहून. माज्या हातचं आजवर कदी करपलं नाय. या आत. या, या! बगा तुमच्या डोळ्यांनी."

"नाही नाही, तसं नाही…"

"आता तुमी बोललाव ना? मग बगूनच जायचं."

प्रतापरावांची वरात स्वयंपाकघरात गेली. भाभींनी एकेक झाकण उचललं. मटणाचा रस्सा. तपासा. भात. तपासा. चाळणीत वाफवलेली सांदणं, पिवळीधमक, कापसासारखी. "खावन बगा. खालून लागलंय काय?" एक सांदण हातावर पडलं. प्रतापरावांनी खाल्लं. (तपासणी म्हणजे तपासणी.) अप्रतिम होतं. मग रश्श्याबरोबर एक. मग नारळाच्या दुधाबरोबर एक, कारण भाभींच्या मते नारळाच्या दुधाशिवाय निकाल पुरा लागत नाही.

"आता सांगा. करपलंय?"

"छे छे! उत्कृष्ट! पण मग वास कसला?"

भाभींनी पदर नाकावरून बाजूला केला, मान वाकडी केली आणि दोनदा हुंगलं. त्यांचा चेहरा बदलला.

"ओ भाई. ह्यो जेवणाचा वास नाय. ही जळकी धूळ हाय. आनी येतेय तुमच्या दारातून."

तेवढ्यात उघड्या दारात जुईली उभी राहिली. कानावर हेडफोन, अंगावर रजई.

"बाबा, आपल्या हॉलमध्ये फॉग आलंय. इज इट नॉर्मल?"

तिसरं सांदण प्रतापरावांच्या घशात अडकलं, ते त्यांनी धावता धावता गिळलं.

पॅसेज करड्या धुराने भरला होता. वरच्या जाळीतून धूर सावकाश, दमादमाने खाली येत होता. प्रतापरावांनी कामावर चौदा वर्षं शिकवलं होतं: घाबरू नका, माणसं बाहेर काढा, वीज तोडा. जुईली बाहेर होती. तिला त्यांनी ओरडून सांगितलं, "भाभींकडेच थांब!" आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. बाथरूम पॅसेजच्या टोकाला होतं. त्याला खिडकी नव्हती, नुसता बाहेर हवा ओढणारा पंखा होता. आणि तो पंखा दाराच्या फटीतून धूर आत ओढत होता.

"चारू! चारू, बाहेर ये! हीटर पेटलाय!"

आतून शॉवरचा आवाज. "कोण भेटलाय?"

"हीटर! हीटर पेटलाय!"

"भेटलाय तर बसव ना त्याला! डोक्याला शांपू आहे माझ्या!"

प्रतापरावांनी दार बडवलं आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने भिंतीवरची विजेची पेटी उघडली. आत दोन ओळींत बारकी बारकी बटणं आणि प्रत्येकाखाली अरबीत पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं. भट्ट्यांचे नकाशे डोळे मिटून वाचणारा हा माणूस तिथे बोट धरून अक्षरं लावू लागला. पहिलं बटण पाडलं, फ्रिज बंद झाला. दुसरं पाडलं, वॉशिंग मशीन गप्प झालं. तिसरं पाडलं तेव्हा बाथरूममधला दिवा गेला.

"प्रताऽऽप! लाइट!"

धूर डोळ्यांत जात होता. चौथं कुठलं, पाचवं कुठलं, काही दिसेना. आजवर इतरांना दिलेल्या सगळ्या सूचना डोक्यात एकदम बोलत होत्या, आणि त्यातली एकही कामाची नव्हती.

त्यांच्या खांद्यावरून एक हात पुढे आला. तोंडाला ओला टॉवेल बांधलेल्या फखरुन्निसाभाभी. त्यांनी काही वाचलं नाही. पेटीच्या कडेला असलेलं सगळ्यांत मोठं बटण धरलं आणि खाडकन खाली ओढलं. सगळं घर एका क्षणात शांत झालं. वरचा 'सूंऽऽ' थांबला.

"मोटं बटन सगल्यांचं मालक असतंय," त्या टॉवेलातून म्हणाल्या. मग त्यांनी बाथरूमच्या दारावर अशी थाप मारली की कडी आपोआप निघाली असावी. "चारुशीला, कपडे घाल नायतर टॉवेल घाल, पन आता ये!"

चारुशीला आली. अंगात उलटा गाऊन, डोक्यावर फेसाचा डोंगर, खोकत खोकत. भाभींनी तिला दंडाला धरून पलीकडे नेलं. प्रतापराव मागोमाग गेले नाहीत, कारण छताच्या जाळीत आता एक नारिंगी ठिपका दिसत होता.

त्यांनी ११२ लावायला खिशातून फोन काढला, तेवढ्यात धुराचा वास खाली पोचल्याने मुस्तफा जिन्यातून धापा टाकत वर आला. काखेत आग विझवायचं लाल नळकांडं.

"यल्ला सर, हटो! हटो!"

प्रतापराव हटले. पण हटता हटता (आणि ही गोष्ट मुस्तफा आजही इमारतीत सगळ्यांना सांगतो) त्यांनी नळकांड्याला लटकलेल्या चिठ्ठीवरची तपासणीची तारीख वाचली.

"डेट ठीक है," ते म्हणाले.

"मालूम है सर! मैं ही हर महीने देखता हूँ!" मुस्तफाने स्टुलावर चढून छतातली झडप उघडली आणि दट्ट्या दाबला.

फस्स!

सगळं पांढरं झालं. पॅसेज, सोफा, कोट अडकवायचा खुंटा, प्रतापराव. मुस्तफाने टॉर्च मारून आत दोनदा पाहिलं, अजून एक छोटी फवारणी केली. "खलास. मिट्टी जल रहा था, सर. मिट्टी, और थोड़ा कपड़ा. अल्हम्दुलिल्लाह." मग त्याने खिडक्या उघडल्या. पाच अंशांचं वारं आत घुसलं. प्रतापराव पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे त्या वाऱ्यात उभे राहिले आणि मग समोरच्या दाराकडे निघाले.

भाभींच्या घरात जुईली मटणाचा रस्सा भुरकत होती. थंडीने लाल झालेलं नाक, कडेने ओघळलेलं नारळाचं दूध. चारुशीलाचा फेस भाभींच्या मोरीत उतरला होता आणि ती भाभींचा गुलाबी, सोनेरी बुट्ट्यांचा सलवार कमीज घालून शेगडीपाशी बसली होती. खोकला थांबला होता. डोळे लाल होते, पण ती हसत होती. भाभींना काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या.

प्रतापराव दाराशीच थांबले. त्या दोघींकडे आणि त्या पोरीकडे पाहत राहिले. बाथरूमची ती फट, तो पंखा, आणि आपण अरबी अक्षरं लावत होतो. अजून पाच मिनिटं गेली असती तर? पुढचा विचार त्यांनी केला नाही. भाभींनी चहाचा कप दिला, तो घेताना त्यांचं लक्ष पोरीकडेच होतं आणि निम्मा बशीत आला. भाभींनी बशी ओतून टाकली, कप पुन्हा भरला आणि या वेळी तो टेबलावर ठेवला.

"भाभी," प्रतापराव म्हणाले, "मी… म्हणजे तुम्ही नसता तर…"

"ऱ्हावं द्या. आदी सांगा, करपलेलं कोनाचं हुतं?"

"माझं," प्रतापराव म्हणाले.

"बस. मना एवडंच पायजे हुतं." आणि त्यांनी प्रतापरावांच्या ताटात चौथं सांदण वाढलं.

दुपारी नमाज आटोपल्यावर अब्बास आला. त्याला चारुशीलाने फोन केला होता. मुरूडचा माणूस, राहायला फरवानियाला, एसी-हीटरची कामं करणारा. पन्नाशीचा, शांत, कानावर पेन्सिल. जेवायचं सोडून सुट्टीच्या दिवशी इतक्या लांब आला म्हणून प्रतापरावांनी त्याचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. अब्बास जरासा संकोचून म्हणाला, "त्यात काय साहेब. म्याडमचा फोन आला म्हंजे येवक नको?"

'म्याडमचा फोन' हे शब्द प्रतापरावांच्या कानावरून गेले. आत शिरले नाहीत.

अब्बासने शिडी लावली, पेटीचं पत्र्याचं झाकण उतरवलं आणि मान हलवली. "बगा साहेब. पंख्याचं बेअरिंग जाम. यंदाच्या उनाळ्यात वाळूची वादळं किती झाली, ती सगळी धूळ हितं बसलीय, तारांवर. पंखा फिरला नाय तर हवा पुडं जात नाय, तारा लाल होतात, धूळ पेटते. आनी जास्त तापलं की बंद करनारा कटआउट असतो, तो पन चिकटलेला. ह्यो तर मी मागच्या टायमालाच बोललेलो, पुडच्या वर्षी बदलायचा."

"मागच्या टायमाला?" प्रतापरावांनी विचारलं. "कुणाला बोललात?"

अब्बासने चारुशीलाकडे पाहिलं. चारुशीलाने छताकडे पाहिलं. अब्बासने हातातलं झाकण, काय करावं न सुचून, प्रतापरावांच्या हाती दिलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला छोटे पांढरे कागद चिकटवलेले होते. एकाखाली एक. निळ्या पेनाने तारीख, पुढे 'तारा साफ, पंखा तेल, कटआउट चेक', खाली अब्बासची सही. प्रत्येक तारीख नोव्हेंबरची. प्रतापरावांनी बोटाने मोजले. सहा. सहा वर्षांचे सहा. सातव्याची जागा रिकामी होती. त्या नोव्हेंबरात चारुशीला नाशिकला वडिलांचा गुडघा सांभाळत होती.

असेच कागद ते स्वतः भट्ट्यांना लावून घेत. अक्षर एवढं नीट नसायचं.

"म्हणजे दर वर्षी…" त्यांनी सुरुवात केली आणि त्यांना ऑफिसातलं जेवणाचं टेबल आठवलं. काही काही यंत्रं जात्याच गुणी असतात. "चारू, सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते रे. पहिल्या वर्षी तुझ्यासमोरच बोलावलं होतं याला. तू घरी होतास. आठवतं?"

प्रतापरावांना आठवेना. अब्बासला आठवत होतं.

"साहेबांनी मना भट्टी शिकवली," तो आदराने म्हणाला. "लय शिकवलं. कागदावर चित्र काडून. ज्वाला निळी कदी, पिवळी कदी. ह्या पेटीत ज्वाला नसते, तारा असतात, ते मी बोलनार हुतो, पन साहेब थांबले नाय. मग काळोख पडला. मी झाकन न उघडता घरी गेलो."

"म्हणून मग तू कामावर असताना बोलवायला लागले," चारुशीला म्हणाली. "दुपारी माझ्या शिकवण्यांच्या आधी पाऊण तासात होऊन जायचं. तू खूश, हीटर खूश. आल्यावर पहिल्यांदा यालाच फोन करायचा होता, पण यादीत राहून गेलं. चुकलंच माझं."

हे मात्र प्रतापरावांना सहन होईना. ज्याने बटण दाबलं तो उभा, आणि जिने सहा वर्षं घर पेटू दिलं नाही ती म्हणतेय, चुकलं. त्यांना बरंच काही बोलायचं होतं. बायकोसमोर, तंत्रज्ञासमोर आणि हातात पत्र्याचं झाकण धरून ते बोलणं सोपं नव्हतं.

"आणखी काय काय आहे असं?" त्यांनी शेवटी विचारलं. "मला वाटतं आपोआप चालतंय, असं?"

चारुशीला विचारात पडली. "पाण्याचा फिल्टर. आपल्या सगळ्यांच्या सिव्हिल आयडी कार्डांच्या मुदती. तुझे चष्मे. आणि तुझ्या ताईला वाढदिवसाला तू न विसरता मेसेज करतोस ना…"

"तोसुद्धा?"

"ताई म्हणतात, प्रतापला फार आठवण माझी."

प्रतापराव पांढऱ्या सोफ्यावर, पांढरे होऊन बसले. वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त काहीतरी दुसरं वाटत होतं. समोर जुईली होती, चारुशीला होती. शेजारच्या दारात भाभी हात पुसत उभ्या होत्या. खाली मुस्तफा नळकांडं पुन्हा भरायला गेला होता. आपण या घरात सात वर्षं राहिलो, आणि इतकी माणसं आपल्याला न सांगता आपल्याला सांभाळत होती. बिघडलं ते दिसतं. न बिघडलेलं कुणाला दिसतं?

"चारू," ते म्हणाले, "थँक्यू." मग त्यांना ते फारच तोकडं वाटलं, म्हणून म्हणाले, "जेंटली सांगतोय. खरंच थँक्यू."

चारुशीलाने त्यांच्या भुवईवरची पावडर पुसली. "असू दे. आधी अंघोळ कर."

संध्याकाळपर्यंत अब्बासने बेअरिंग बदललं, नवा कटआउट बसवला, तारा ब्रशने चकचकीत केल्या, दोनदा चालवून पाहिलं आणि झाकणाच्या आत सातवा कागद चिकटवला. जाळीतून स्वच्छ ऊब आली. कसलाही वास नव्हता. जुईली रजई टाकून जाळीखाली गिरकी घेऊ लागली.

प्रतापरावांचं मन भरून आलं होतं. "अब्बासभाई," ते म्हणाले, "आता हे मी अंगावर घेणार. पुढच्या नोव्हेंबरपासून तुम्ही यायचं तेव्हा मी सुट्टी काढून घरी थांबणार. शेजारी उभा राहीन, लागेल ते हातात देईन. लिहून घ्या आत्ताच, माझ्यासमोर."

अब्बास जरा घुटमळला. फोन काढला, कपाळाजवळ नेला, लांब धरला. चष्मा गाडीत राहिला होता. "बेटा, तू लिव्हतेस काय?" म्हणून त्याने फोन जुईलीच्या हाती दिला.

जुईलीने नोंद उघडली आणि मराठीची परीक्षा असल्यासारखी अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचली. "दिघे म्याडम, मंगफ. नोव्हेंबर. काम पाऊण तास. साहेब घरी नाय ना, आदी इचारने." ती थांबली. "अंकल, चेंज काय करू?"

अब्बासने प्रतापरावांकडे पाहिलं. प्रतापराव कृतज्ञतेने हसत होते, जेवढं अजूनही अंघोळ न केलेल्या, पावडर लागलेल्या माणसाला हसता येतं तेवढं. अब्बासने एक खोल श्वास घेतला.

"लिव्ह," तो म्हणाला. "साहेब घरी ऱ्हानार. त्या दिवशी दुसरं काम घेवचं नाय."